चीनमध्ये छपाई? आधी तिथल्या सुट्ट्या बघा
मुलांची जाड पुठ्ठ्याची पुस्तकं शेन्झेनला छापून घेणार असाल, तर प्रकाशनाच्या तारखेपासून उलटे दिवस मोजत या. चिनी नववर्ष २०२७मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. सरकारी सुट्टी आठवडाभराची, पण कामगार आधीच गावी निघतात आणि सगळे परतेपर्यंत महिना सहज जातो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही तिथे सुट्टीच. छापखाना सांगतो ते दिवस बहुधा नमुना-प्रत मंजूर झाल्यापासूनचे असतात, ऑर्डर दिल्यापासूनचे नव्हेत; नक्की काय ते कोटेशनमध्येच लिहून घ्या. (आणि आलेला नमुना टेबलावर चार दिवस पडू देऊ नका!) पुढे जहाज, न्हावाशेवाला कस्टम्स, मग ट्रक. माल जुलैत उतरणार असेल, तर खोक्यांना आतून प्लॅस्टिक लावायला सांगा.