सुपारी फुटली असताना: अल्पवयीन मुलीचे लग्न कसे थांबवावे

मराठवाड्यात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि त्याच सुमारास आठवी-नववीच्या काही मुली हजेरीपटावरून गळू लागतात. आईबाप पाच-सहा महिने फडावर जाणार, मागे घरात म्हातारी आजी आणि वयात आलेली मुलगी; 'काही झाले' तर तोंड कुठे दाखवायचे, हा प्रश्न घरातल्या थोरांना पडतो. वाईट नजर ठेवणाऱ्याला जाब विचारण्याऐवजी मुलीचेच हात पिवळे करून जोखीम दुसऱ्या घरी सोपवली जाते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर, त्यामुळे मुलाकडच्यांनाही सून हंगामाआधीच हवी असते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के आणि परभणीत ४८ टक्के निघाले.

असे लग्न आपल्या गल्लीत, भावकीत किंवा वर्गात ठरत असल्याचे कळले तर काय करावे, हे मी शाळेतल्या अनुभवावरून लिहीत आहे. त्यातला पहिला अनुभव चुकीचा होता. नववीतल्या एका मुलीने सुपारी फुटल्याचे, म्हणजे लग्न पक्के झाल्याचे, सांगितले, तेव्हा मी तिच्या वडिलांना शाळेत बोलावून समजावले. ते खाली मान घालून 'बरं बाई' म्हणाले आणि आठ दिवसांवरचे लग्न तिसऱ्या दिवशी मामाच्या गावी उरकले. तेव्हापासून वडीलधाऱ्यांना आधी सावध करायचे नाही, हा माझा नियम झाला आहे. समजावणीला जागा आहे, पण ती अधिकाऱ्यांना कळवल्यानंतर.

मुलीशी बोलायचे ते तिच्या घरी नव्हे. शाळेचा व्हरांडा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, जिथे ती एरवीही दिसते अशी जागा बरी. तिच्या फोनवर निरोप पाठवू नये, कारण तो फोन बहुधा भावाच्या खिशात असतो. लग्न कोठे, केव्हा आणि कोणाशी, एवढे विचारावे. बस्ता बांधला का, हेही विचारावे, कारण बस्ता झाला म्हणजे हातात थोडेच दिवस उरतात. 'फक्त साखरपुडा आहे' या उत्तरावर विसंबू नये. साखरपुड्याच्या मांडवातच अक्षता टाकून मोकळे होण्याची रीत आता सर्रास आहे. 'मी कोणाला सांगणार नाही' असे वचन तिला देऊ नये. 'ज्यांना सांगणे भाग आहे त्यांनाच सांगेन, तुझे नाव पुढे करणार नाही' असे सांगावे आणि ते पाळावे.

घाई कशाची आहे, हेही तिच्या बोलण्यातून हळूच काढावे. कधी ती गरिबीची असते, कधी मुलगी कोणा मुलाशी बोलताना दिसली म्हणून असते, आणि मग मारहाणीचा किंवा त्याहून वाईट धोका असतो. अशा वेळी कागदपत्रांत न गुंतता आधी ११२ ला फोन करावा. कधी घरातल्याच एखाद्या पुरुषाने तिच्या अंगाला हात लावलेला असतो आणि लग्न ही ते झाकण्याची युक्ती असते. असे कळल्यावर पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याने, बंधनकारक आहे. 'घरची गोष्ट' म्हणून गप्प बसणाराही त्या कायद्याखाली दोषी ठरतो.

त्यानंतर वयाचा पुरावा हाती घ्यावा. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा शाळेचा जन्मतारखेचा दाखला हा सर्वांत भक्कम. तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. वैद्यकीय तपासणी हा शेवटचा मार्ग. आधारकार्ड दाखवून 'ती एकोणीस वर्षांची आहे' असे सांगणारे पालक भेटतात, पण आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही. मुख्याध्यापकांनी हा उतारा मागितल्या दिवशी द्यावा, कारण 'उद्या या' म्हणेपर्यंत वऱ्हाड निघालेले असते.

कळवायचे कोणाला? २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार खेड्यात ग्रामसेवक (हल्ली पदाचे नाव 'ग्रामपंचायत अधिकारी') हेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात आणि अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्य करते. शहरात हे काम बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे आहे. अडचण अशी की ग्रामसेवकाला त्याच गावात राहायचे असते आणि लग्नाची पत्रिका त्यालाही आलेली असते. म्हणून केवळ त्यांच्यावर न थांबता १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी फोन करावा. फोनवर मुलीचे नाव, वय, शाळा, लग्नाचे ठिकाण, तारीख, मुहूर्ताची वेळ आणि नवऱ्या मुलाचे गाव सांगावे, आपले नाव गुप्त ठेवण्यास स्पष्ट सांगावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून लग्नावर मनाईहुकूमही मिळतो. तो असताना लावलेले लग्न कायद्याने मुळातच रद्दबातल असते. अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी सामुदायिक बालविवाह रोखण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनाही बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्याचे सर्व अधिकार असतात.

दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, ही शिक्षा सज्ञान नवऱ्या मुलाला, लग्न लावणाऱ्या भटजीला आणि त्याला साथ देणाऱ्यांना होऊ शकते; आईबापही त्यातून सुटत नाहीत, मात्र आईला कैद होत नाही. ही माहिती मांडववाल्याला, आचाऱ्याला आणि भटजींना शांतपणे सांगितली तर पुष्कळदा लग्न तिथेच अडते. मुलीच्या बापापेक्षा ही मंडळी लवकर ऐकतात.

लग्न थांबवायला अधिकाऱ्यांचे पथक दारात आले की घरच्यांचा पहिला प्रश्न मुलीला येतो: 'तूच सांगितलंस ना?' त्या रात्री तिला मार बसतो किंवा बसत नाही, हे आपण आधी काय योजले यावर अवलंबून असते. माहिती शाळेच्या गैरहजेरीच्या यादीतून मिळाली, असे पथकाने उघडपणे बोलावे. तसे आधी ठरवून घ्यावे. मुलीला बालकल्याण समितीपुढे, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, नेतात, तेव्हा आईबापांकडून अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत लग्न न करण्याचे हमीपत्र लिहून घेतात. घरी परत जाणे तिला सुरक्षित वाटते का, हे समितीने तिला एकटीला विचारावे, असा आग्रह आपण धरावा. काका दाराशी उभे असताना कोणतीही मुलगी 'नको' म्हणत नाही.

यापुढचे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक जण ते सोडून देतात. हमीपत्र कागदावरच राहते आणि महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्या तालुक्यात लग्न लागते, म्हणून पुढच्या सुट्यांत आणि लग्नसराईत तिच्या घरी फेरी मारावी, गैरहजेरी दोन दिवसांवर गेली तर विचारपूस करावी. टोळी निघण्याआधी जिल्हा परिषदेच्या हंगामी वसतिगृहाची किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृहाची चौकशी करावी; 'मागे कोणापाशी ठेवू' या बापाच्या प्रश्नाला ठोस उत्तर दिले, तर निम्मा वाद तिथेच मिटतो. शाळा दूर असेल तर मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. शाळा सुटलीच असेल तर दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा अर्ज भरता येतो, तो भरून घ्यावा.

आणि लग्न झालेच असेल, तरी दार बंद होत नाही. असे लग्न रद्द करून घेण्याचा अर्ज मुलीला सज्ञान झाल्यानंतर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे विसावे वर्ष पूर्ण होण्याआधी, करता येतो. लग्न रद्द करताना न्यायालय तिला पुनर्विवाहापर्यंत पोटगी आणि राहण्याची सोय देववू शकते, आणि अशा लग्नातले मूल औरस मानले जाते. अठरा वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी ठरवले आहे. सासरी गेलेल्या मुलीला हे कोणी सांगत नाही. सणाला माहेरी आली की तिला गाठावे, आणि तिच्या जन्मतारखेच्या दाखल्याची एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवलेली आहे, हेही तिला सांगावे.