नवख्या टॅकलची पारख कशी करावी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी एकला सुरू होणारा एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, रविवारचा सामना बेळगावात रात्री साडेदहाला दिसतो आणि नोव्हेंबरच्या आरंभी तिकडची घड्याळे तासभर मागे गेली की तोच साडेअकराला. इतक्या रात्री जागणारा प्रेक्षक साहजिकच चेंडूमागे डोळे नेतो. परंतु संघाने नुकत्याच निवडलेल्या तरुण ऑफेन्सिव्ह टॅकलची कुवत जोखायची असेल, तर चेंडूवरची नजर काढून घ्यावी लागते आणि हे काम रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सामन्याचे चित्रमुद्रण थांबवत थांबवत करावे लागते. सीमाभागातील मराठी माणसाला यात एक सोय आहे. ज्याने आनंदवाडीच्या आखाड्यात किंवा गावच्या यात्रेतील मैदानात कुस्त्या पाहिल्या आहेत, त्याला पाय, कंबर आणि हात यांची भाषा शिकवावी लागत नाही.

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. कबड्डीमुळे टॅकल म्हणजे चढाईपटूला पकडून पाडणे असे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. ऑफेन्सिव्ह टॅकल कोणालाही पकडून पाडत नाही. तो आडवा उभा राहतो. आक्रमक फळीत पाच जण असतात: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि दोन टोकांना टॅकल. या पाचांच्या मागे उभा असलेला क्वार्टरबॅक चेंडू फेकेपर्यंत त्याच्यावर धावून येणाऱ्या बचाव संघातील खेळाडूला (पुढे त्यालाच हल्लेखोर म्हटले आहे) रोखून धरणे म्हणजे पास प्रोटेक्शन. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या बाजूला वळलेली असते, म्हणून डाव्या टॅकलला पूर्वीपासून अधिक मान आहे. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी न्यू यॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलर या हल्लेखोराच्या झडपेत वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याचा पाय मोडला आणि त्याची कारकीर्द तेथेच संपली; त्या जागेची जोखीम किती मोठी आहे, हे त्या रात्री सामान्य प्रेक्षकानेही पाहिले. आता मात्र वेगवान हल्लेखोर दोन्ही टोकांकडून येतात, तेव्हा उजव्या टॅकलला दुय्यम समजणे चुकीचे ठरते.

नव्या टॅकलविषयी बोलताना बहुतेक लोक त्याने किती सॅक दिले, म्हणजे त्याच्या माणसाने क्वार्टरबॅकला फेकीआधीच किती वेळा पाडले, एवढाच आकडा सांगतात. माझ्या मते हा सर्वांत कच्चा पुरावा आहे. क्वार्टरबॅक चार-चार सेकंद चेंडू धरून बसला, तर उत्तम टॅकलच्या हातूनही माणूस निसटतो. उलट क्वार्टरबॅक चपळ असेल, तर टॅकल साफ हरूनही नोंद कोरी राहते. म्हणून आधी कोणते डाव मोजायचे ते ठरवावे. स्क्रीन पास (हल्लेखोरांना मुद्दाम पुढे येऊ देऊन केलेली आखूड फेक), धावण्याची हूल देऊन केलेली फेक, क्वार्टरबॅक मुद्दाम एका बाजूला पळत जातो तो डाव आणि चेंडू हाती येताच केलेली झटपट फेक, हे चारही प्रकार बाजूला ठेवावेत, कारण त्यांत टॅकलची परीक्षाच होत नाही. उरलेल्या डावांतही शेजारचा टाइट एंड (फळीच्या टोकाला उभा राहणारा, चेंडू झेलणाराही गडी) किंवा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा गडी) जाता जाता हल्लेखोराला धक्का देऊन गेला का, गार्डने खांदा लावला का, हे पाहून वहीत ‘मदत’ असा वेगळा रकाना करावा. मदतीविना झालेली झुंज हीच खरी जोड. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न, म्हणजे डाऊन, मिळतात; तिसऱ्या डाऊनवर अजून सात-आठ यार्ड हवे असतात, तेव्हा फेक होणार हे साऱ्या मैदानाला ठाऊक असते. अशा डावांना मी दुप्पट वजन देतो. ईएसपीएनच्या पास ब्लॉक विन रेट या मोजमापात २.५ सेकंद अडवणूक टिकली की ती टॅकलची जीत धरतात. घरच्या वहीसाठीही ही मर्यादा सोयीची आहे, मात्र तेवढ्याने भागत नाही, कारण तिसऱ्या सेकंदाला तो कोणत्या अवस्थेत होता, हे तो आकडा सांगत नाही.

प्रत्येक डाव किमान तीनदा पाहावा आणि पहिल्या वेळी फक्त पाय पाहावेत. तालमीतला वस्ताद नव्या पोराचा पवित्रा पाहताना आधी पायांकडे बघतो, तसेच हे आहे. टॅकल बाहेरचा पाय मागे टाकतो आणि आतला पाय जमिनीलगत सरकवत त्याच्यामागून नेतो. या चालीला किक स्लाइड म्हणतात. दोन पाय एकमेकांजवळ आले, टाचा टेकल्या किंवा पाय उचलून उडी मारल्यासारखा तो मागे गेला, तर त्या क्षणी त्याचा तोल हल्लेखोराच्या हाती गेला असे समजावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने कंबर किती लवकर बाहेरच्या बाजूला वळवली. बाहेरून येणाऱ्या वेगाची धास्ती घेतलेला नवखा गडी फार लवकर आणि फार लांब बाहेर जातो आणि मग हल्लेखोर एका पावलात आतल्या बाजूने शिरतो. माझ्या वहीत आतून हरण्याला बाहेरून हरण्यापेक्षा मोठी लाल खूण असते, कारण आतला रस्ता क्वार्टरबॅकपर्यंत सर्वांत जवळचा आहे.

येथे प्रेक्षकाची एक हमखास फसगत होते. हल्लेखोर टॅकलला वळसा घालून मागे गेला की आपण ‘गेला’ म्हणून ओरडतो. क्वार्टरबॅक साधारण सात ते नऊ यार्ड मागे थांबतो. टॅकलने हल्लेखोराला त्याहूनही मागे ढकलत नेले आणि क्वार्टरबॅकला पुढे सरकायला जागा ठेवली, तर ती टॅकलची जीतच आहे. क्वार्टरबॅक पुढे येण्याऐवजी मागे मागे सरकत गेला, तर दोष त्याचा. टीव्हीवरील बाजूच्या कॅमेऱ्यातून ही खोली कळते, पण हात आणि खांदे कळत नाहीत. त्यासाठी फळीच्या पाठीमागून घेतलेले चित्रण मिळेल तेव्हा आवर्जून पाहावे.

दुसऱ्यांदा पाहताना हात पाहावेत. कुस्तीतल्या खडाखडीत आधी हात देणारा पैलवान अनेकदा फसतो, आणि टॅकलचेही तसेच होते. दोन्ही हात एकदम आणि लवकर टाकले की अनुभवी हल्लेखोर ते खाली झटकतो किंवा बगलडूब मारावी तसा खांदा पाडून हाताखालून निघून जातो. चांगला टॅकल एक हात दाखवतो, दुसरा राखून ठेवतो आणि समोरचा टप्प्यात येताच छातीवर आतल्या बाजूने ठोसा बसवतो. हात समोरच्याच्या खांद्यांच्या बाहेर जाऊन त्याचा कपडा धरू लागले, तर होल्डिंगची, म्हणजे धरून ठेवल्याबद्दलची, १० यार्डांची शिक्षा कधी ना कधी येणारच. आज पंचांच्या नजरेतून सुटली, म्हणून वहीतून सुटता कामा नये. हात टाकताना कंबरेत वाकून डोके पुढे जाते का, हेही नोंदवावे. पट काढायला आलेल्यासमोर डोके पुढे घालणारा पैलवान जसा तोंडावर येतो, तसाच हा टॅकल मोकळ्या जमिनीवर पालथा पडतो.

सरळ छातीवर येणाऱ्या हल्ल्याला बुल रश म्हणतात. या वेळी टॅकल दोन-तीन पावले मागे जाणारच. मागे गेला म्हणून त्याला नापास करू नये. त्याने नितंब खाली घेतले का, आखूड पावलांनी जमीन पुन्हा धरली का आणि क्वार्टरबॅकच्या पुढ्यात थांबला का, हे पाहावे. एकदा डगमगल्यावर पुन्हा सावरणारा तरुण मला सुरुवातीपासून निर्दोष दिसणाऱ्या तरुणापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. दुसऱ्याची अजून खरी गाठच पडलेली नसते, असे बहुधा निघते.

तिसऱ्यांदा पाहायचे ते डोके. बचावातले दोघे एकमेकांच्या जागा ओलांडून येतात, त्याला स्टंट म्हणतात. अशा वेळी टॅकलने आपला माणूस गार्डच्या हवाली करून नव्याने येणाऱ्याला घ्यायचे असते. नवखा खेळाडू बहुतेक वेळा आपल्याच माणसामागे आत खेचला जातो आणि बाहेरचे दार उघडे पडते. ही चूक अंगबळाची नसून सवयीची असल्यामुळे हंगामात सुधारू शकते, म्हणून तिचा रकाना वेगळा हवा. परक्या मैदानावरील गोंगाटात हाक ऐकू येत नाही, तेव्हा तो चेंडू सुटल्यावर उशिरा हलतो की घाईने आधीच हलून फॉल्स स्टार्टचे ५ यार्ड गमावतो, हेही तेथेच लिहावे.

हाताच्या लांबीवर ड्राफ्टच्या, म्हणजे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीच्या, आधी फार चर्चा होते. टॅकलचे हात ३४ इंच तरी असावेत, असा जुना संकेत आहे. २०२५ मध्ये न्यू इंग्लंड पॅट्रियट्सने चौथ्या क्रमांकावर घेतलेल्या विल कॅम्पबेलबाबत हाच वाद झाला. परंतु ३३ इंच हातांचा रशॉन स्लेटर २०२१ मध्ये लॉस एंजेलिस चार्जर्स संघाकडून पहिल्याच हंगामात ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीतील, दुसऱ्या संघात निवडला गेला. लांबी कमी असेल तर हात टाकण्याची वेळ अचूक साधावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. टेपने मापून पैलवान निवडण्याची चूक आपल्याकडेही होते. बाजू बदलण्याला मात्र पुरेसे महत्त्व दिले जात नाही. नोट्र डेम विद्यापीठाच्या संघात डावीकडे खेळलेला जो ऑल्ट २०२४ मध्ये चार्जर्सकडे आला, तेव्हा डावी जागा स्लेटरकडे असल्याने त्याला उजवीकडून सुरुवात करावी लागली. बाजू बदलली की मागे टाकायचा पाय आणि पुढे ठेवायचा हात दोन्ही उलटतात. अशा खेळाडूचे पहिले तीन-चार सामने वेगळ्या पानावर ठेवावेत.

एका सामन्यावरून मत बनवू नये, हे खरे, पण हंगामातले सतराही सामने बघण्याची गरज नाही. एनएफएलमध्ये एकाच विभागातील संघ हंगामात दोनदा भेटतात. त्यामुळे त्याच हल्लेखोराशी झालेल्या दोन गाठी निवडाव्यात, शक्य तर पहिली सप्टेंबर-ऑक्टोबरमधील आणि दुसरी डिसेंबरमधील. मदतीविना झालेले तिसऱ्या डाऊनचे डाव दोन्हींतून काढून समोरासमोर लिहावेत. पहिल्या वेळी ज्या पेचाने तो हरला, तोच पेच दुसऱ्या वेळी किती वेळा आला आणि त्यावर त्याच्याकडे कोणता तोड होता, हा शेवटचा रकाना. तेथे तोड दिसला नाही, पण प्रतिस्पर्ध्याने तो पेच टाकणेच सोडले असेल, तर ते टॅकलच्या खाती जमा धरावे.