लिनक्स बसत नाही? आधी ते कुठं अडतंय ते शोधा

विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे मुंबईतल्या कित्येक घरांत धडधाकट कॉम्प्युटर नुसते पडून आहेत. त्यांच्यावर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, म्हणजे तिचे लिनक्स मिंट किंवा उबुंटू हे प्रकार, सहसा अर्ध्या तासात बसतं. हे टिपण ज्या मशीनवर ते बसत नाही, त्यांच्यासाठी आहे.

इन्स्टॉलेशन फसलं की बहुतेक जण दुसरं लिनक्स डाउनलोड करतात, तेही फसलं की तिसरं. त्यातून फारसं काही कळत नाही. काम पाच टप्प्यांत होतं: पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू होणं, लाइव्ह डेस्कटॉप (डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) उघडणं, इन्स्टॉलरला डिस्क दिसणं, फाइली कॉपी होणं आणि शेवटी डिस्कवरून पहिल्यांदा सुरू होणं. गाडी कोणत्या टप्प्यावर थांबते ते नेमकं कळलं की संशयित दोन-तीनच उरतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते कागदावर लिहा. बीआयओएसमधल्या, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या, चार सेटिंग एकदम बदलल्या, तर कशामुळे सुधारलं आणि कशामुळे बिघडलं हे कधीच कळणार नाही.

हात लावण्यापूर्वी

फोटो, दहावी-बारावीच्या मार्कशीट, टॅक्सची कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. घ्याच. विंडोज ठेवायचं असेल, तर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवा. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं बीआयओएसमधलं सेटिंग) किंवा डिस्कचा मोड बदलला की विंडोज ती की मागू शकतं. ती नसेल तर डेटा गेल्यातच जमा.

विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. ते अर्धवट झोपतं आणि त्याचं पार्टिशन (डिस्कचा त्याचा भाग) कुलूपबंद राहतं. मग लिनक्सला त्यावर लिहिता येत नाही.

पेन ड्राइव्हवरून सुरूच होत नाही

८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. फूटपाथवर स्वस्तात मिळणारे मोठ्या क्षमतेचे ड्राइव्ह टाळा. त्यांतले काही आतून लहान असतात आणि खोटी क्षमता दाखवतात. खऱ्या क्षमतेपलीकडे लिहिलेलं हरवतं आणि इन्स्टॉलर मध्येच कुठेतरी चुकतो. शंका असेल तर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हा छोटा प्रोग्रॅम पूर्ण ड्राइव्ह लिहून-वाचून तपासतो.

डाउनलोड केलेल्या फाइलची एसएचए२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारी अक्षरांची लांब ओळ) वेबसाइटवरच्या बेरजेशी जुळते का ते बघा. विंडोजमधल्या सर्टयुटिल या कमांडने ती काढता येते. एक अक्षरही वेगळं असेल तर फाइल पुन्हा उतरवा. काही जीबींची फाइल मोबाइल डेटावर मध्येच तुटणं नवलाचं नाही, म्हणून ही पायरी सोडू नका.

पेन ड्राइव्ह रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने बनवा. पहिल्यांदा जमलं नाही, तर रूफस विचारतो तेव्हा आयएसओ मोडऐवजी डीडी मोड निवडा. सुरू होताना ‘इनिट्रॅमएफएस’ असं लिहिलेल्या काळ्या पडद्यावर मशीन थांबलं आणि लाइव्ह फाइल सिस्टिम सापडली नाही असा संदेश आला, तर बहुतेक वेळा ड्राइव्ह नीट लिहिला गेलेला नसतो किंवा यूएसबी पोर्ट साथ देत नाही. आधी मागच्या बाजूच्या काळ्या, म्हणजे सहसा यूएसबी २.० च्या पोर्टमध्ये लावून बघा. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टची वायर सैल असणं ही फार नेहमीची गोष्ट आहे.

बूट मेनू (मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणारी यादी) उघडायला मशीन चालू होताच डेल, गिगाबाइट आणि बऱ्याचशा लेनोवोवर एफ१२ दाबतात, एमएसआयवर एफ११, एचपीवर एस्केप आणि मग एफ९. असूसच्या लॅपटॉपवर एस्केप, डेस्कटॉप मदरबोर्डवर एफ८. एसरवर एफ१२ चालण्यासाठी आधी एफ२ ने बीआयओएसमध्ये जाऊन बूट मेनू चालू करावा लागतो.

मेनूत तोच पेन ड्राइव्ह अनेकदा दोनदा दिसतो, एकदा ‘यूईएफआय’ (सुरू होण्याची नवी पद्धत) लावून आणि एकदा नुसता (जुनी, म्हणजे लेगसी पद्धत). इथे चुकलं की पाचव्या टप्प्यावर फटका बसतो. विंडोज ठेवायचं असेल, तर विंडोजमध्ये ‘एमएसइन्फो३२’ चालवा आणि ‘बायोस मोड’समोर काय लिहिलंय ते बघा. तिथे यूईएफआय असेल तर यूईएफआयची नोंद निवडा, लेगसी असेल तर नुसती. दोन सिस्टिम दोन वेगळ्या मोडमध्ये बसल्या, तर एकाच मेनूतून दोन्ही सुरू होत नाहीत.

मेनू दिसतो, पण नंतर पडदा काळा

हे जवळपास नेहमी ग्राफिक्समुळे होतं, विशेषतः एनव्हिडियाचं कार्ड असेल तर. लिनक्सचा खुला नूवो ड्रायव्हर काही कार्डांवर सुरू होतानाच अडखळतो. उपाय तात्पुरता आहे, पण बहुतेक वेळा चालतो:

१. पेन ड्राइव्हचा मेनू आला की पहिल्या ओळीवर थांबून ‘ई’ दाबा.
२. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा. तिच्यात ‘क्वाएट स्प्लॅश’ असं लिहिलेलं असतं.
३. त्यापुढे एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, सलग टाइप करा.
४. कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबा.

डेस्कटॉप कमी रिझोल्यूशनमध्ये का होईना, सहसा उघडतो. लिनक्स मिंटच्या मेनूत यासाठी ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ आयताच असतो. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा सुरू करतानाही हाच शब्द पुन्हा द्यावा लागू शकतो. मग मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ किंवा उबुंटूमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ उघडून शिफारस केलेला एनव्हिडिया ड्रायव्हर घाला. तो बसल्यावर नोमोडसेट कायमचं ठेवू नका, नाहीतर चांगलं कार्ड असून व्हिडिओ अडकत चालेल.

सिक्युअर बूट चालू असेल तर इथे एक गोष्ट हमखास निसटते. ड्रायव्हर घालताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ हा पर्याय येतो आणि थोडेच सेकंद थांबतो. तो निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. निळा पडदा हुकला तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही, आणि लोक कार्डाला दोष देतात.

कारण ग्राफिक्स नसेल तर ‘क्वाएट स्प्लॅश’ हे शब्द खोडून सुरू करा. पडद्यावर ओळी धावू लागतील आणि जिथे थांबतील ती शेवटची ओळ बोलते. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सुरुवातीच्या पिढीतल्या रायझन प्रोसेसरवर मशीन रिकामं असतानाच गोठत असेल, तर बीआयओएसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधून ‘टिपिकल करंट आयडल’ करा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही

नव्या लॅपटॉपवर सगळ्यात जास्त छळणारी अडचण हीच. कंपनीने डिस्क इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी या इंटेलच्या खास मोडमध्ये ठेवलेली असते. त्या मोडमध्ये लिनक्सला ती अनेकदा दिसत नाही, आणि यादीत फक्त पेन ड्राइव्ह उरतो. विंडोज काढूनच टाकायचं असेल तर बीआयओएसमध्ये मोड सरळ एएचसीआय (डिस्क जोडण्याचा साधा मोड) करा किंवा व्हीएमडी बंद करा. विंडोज ठेवायचं असेल तर मात्र क्रम पाळा, नाहीतर विंडोज सुरू होताना निळा पडदा दाखवून बंद पडेल:

१. बिटलॉकर चालू असेल तर तात्पुरता थांबवा.
२. विन-आर दाबून ‘एमएसकॉन्फिग’ उघडा, ‘बूट’ टॅबमध्ये ‘सेफ बूट’ आणि ‘मिनिमल’वर खूण करा.
३. रीस्टार्ट करून थेट बीआयओएसमध्ये जा आणि मोड बदला.
४. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या. नवा ड्रायव्हर ते आपणहून घेतं.
५. एमएसकॉन्फिगमधली खूण काढून पुन्हा सुरू करा.

सेफ मोडमध्ये चार अंकी पिन चालेलच असं नाही, तेव्हा खात्याचा खरा पासवर्ड जवळ हवा. एसरच्या काही लॅपटॉपवर हा पर्याय बीआयओएसमध्ये दिसतच नाही. ‘मेन’ पानावर कंट्रोल-एस दाबलं की तो उघडा पडतो.

जागा करताना विंडोजचं पार्टिशन विंडोजमधल्या ‘डिस्क मॅनेजमेंट’नेच लहान करा. मिंटला किमान २० जीबी लागतं, पण १०० जीबी दिलेत तर पुढे कुरकुर राहत नाही. यूईएफआय मशीनवर ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींचा भाग) आधीचंच वापरा आणि ‘फॉरमॅट’वर खूण करू नका. ते पुसलं की विंडोज सुरू व्हायचं बंद होतं. मशीनमध्ये दोन डिस्क असतील आणि लिनक्स दुसरीवर टाकायचं असेल, तर पहिलीची केबल काही वेळ काढून ठेवलेली बरी. इन्स्टॉलर कधी कधी बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) विचारल्याविना पहिल्याच डिस्कवर टाकतो.

अर्ध्यावर अडतं, दर वेळी वेगळ्या जागी

दर वेळी त्याच जागी अडलं तर दोष सहसा फाइलीत किंवा पेन ड्राइव्हमध्ये असतो. कधी ३० टक्क्यांवर, कधी ७० वर अडलं तर दोष हार्डवेअरमध्ये शोधा. विंडोज चालत होतं म्हणून हार्डवेअर ठीक, हा समज सोडा. इन्स्टॉलर कमी वेळात मेमरी आणि डिस्क कसून वापरतो, आणि जी खोट वर्षभर दडून होती ती तेव्हा बाहेर पडते.

मुंबईत पहिला संशय रॅमच्या पट्टीवर घ्यावा. खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा यांनी पट्टीच्या सोनेरी दातांवर पातळ थर चढतो, विशेषतः मशीन जून ते सप्टेंबर बंद पडून असेल तर. प्लग काढा, पॉवर बटण पाच-सात सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, केसच्या धातूला हात लावा आणि मग पट्टी काढा. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने दात हलकेच पुसा, कण ब्रशने झाडा. जमल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून दहा मिनिटं सुकू द्या. पट्टी परत घालताना दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लागल्याचा आवाज आला पाहिजे.

त्यानंतर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. त्याची आवृत्ती ६ आणि पुढच्या यूईएफआयवरही चालतात. किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या, शक्य तर रात्रभर. एकही चूक दिसली तरी ती पट्टी बाद समजा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासा.

डिस्कसाठी लाइव्ह डेस्कटॉपवर ‘डिस्क्स’ उघडून स्मार्ट डेटा (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदी) बघा. ५ क्रमांकाची नोंद म्हणजे बदललेले सेक्टर आणि १९७ म्हणजे वाचायला त्रास देणारे सेक्टर. हे आकडे शून्याच्या वर जाऊन वाढत असतील तर डिस्क बदला. १९९ वाढत असेल तर डिस्क बहुधा निर्दोष आहे आणि साटाची, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी, केबल खराब आहे. हा फरक माहीत नसल्याने चांगल्या डिस्क फेकल्या जातात. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर केबल, २५६ जीबीची साटा एसएसडी, जुन्या डीडीआर३ पट्ट्या सगळं मिळतं. जुनी रॅम घेताना पट्टीचा फोटो सोबत न्या आणि बदलून देणार का ते आधी विचारा. जुन्या मशीनवर पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते एसएसडीवर घाला.

बसलं, पण सुरू होत नाही

सरळ विंडोजच सुरू झालं तर बीआयओएसच्या बूट क्रमात ‘उबुंटू’ वर घ्या. मिंट टाकलं असलं तरी नोंद सहसा याच नावाने असते, तेव्हा ‘मिंट’ शोधत बसू नका. नोंद दिसतच नसेल तर मिंटच्या पेन ड्राइव्हवरून लाइव्ह डेस्कटॉप उघडा. पेन ड्राइव्ह आता त्याच मोडमध्ये सुरू केलेला हवा ज्यात इन्स्टॉल केलं होतं. मग मेनूतला ‘बूट रिपेअर’ चालवून शिफारस केलेली दुरुस्ती निवडा. काही एसर लॅपटॉपवर सिक्युअर बूट चालू ठेवायचं तर बीआयओएसमध्ये आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवून ‘यूईएफआय फाइल ट्रस्टेड’ म्हणून निवडावी लागते.

वायफाय दिसत नसेल तर ब्रॉडकॉम किंवा रिअलटेकची चिप असण्याची शक्यता मोठी. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर, हा पेच फोन सोडवतो. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला ते वायरवरचं नेटवर्क म्हणून लगेच दिसतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

अपडेट करताना ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ अशा अर्थाची चूक आली, तर घड्याळ बघा. बरेच महिने बंद राहिलेल्या मशीनची मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी अनेकदा संपलेली असते आणि तारीख कित्येक वर्षं मागे जाते. नवी बॅटरी घाला, तारीख लावा, चूक जाते. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवल्यावर एकातून दुसऱ्यात गेल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास सरकत असेल, तर बॅटरीला दोष देऊ नका. विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स जागतिक वेळ. टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या कमांडला ‘सेट-लोकल-आरटीसी १’ जोडून (timedatectl set-local-rtc 1) चालवा, म्हणजे दोघं एकाच वेळेवर येतील.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये भारतीय मांडण्यांत मराठीचा इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) जोडा. रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस (टायपिंगच्या पद्धती सांभाळणारा प्रोग्रॅम) आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज घालून एकदा लॉगआउट करा, तोवर नवी मांडणी यादीत येत नाही.