सोल्डरची तार टांगा, क्रीप डोळ्यांनी बघा

माझी सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्राच्या बॉयलर मेंटेनन्समध्ये झाली. दरवर्षी नवी अप्रेंटिस पोरं यायची आणि सुपरहीटरची, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या भागाची, फुगलेली ट्यूब बघून विचारायची, "साहेब, वाफ 540 अंशांची, पोलाद वितळतं 1500च्या आसपास. मग ही फुगली कशी?" मी त्यांना तार टांगायला लावायचो. तुम्हीही घरी टांगू शकता.

आधी एक हिशेब. धातू किती तापलाय हे त्याच्या वितळण्याच्या तापमानाच्या मानाने बघायचं, तेही केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये 273 मिळवून. 540 अंश म्हणजे 813 केल्विन. पोलादाच्या साधारण 1773 केल्विनच्या 0.46 पट. ढोबळमानाने 0.4च्या पुढे क्रीप जाणवायला लागतो, म्हणजे भार तोच राहिला तरी धातू मुंगीच्या पावलाने लांबत जातो. आता साठ-चाळीस सोल्डर घ्या, म्हणजे 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसं असलेला डाग द्यायचा धातू. ते 183 अंशांना, म्हणजे 456 केल्विनला वितळू लागतं. तुमची खोली 30 अंश, म्हणजे 303 केल्विन. गुणोत्तर 0.66! बॉयलरमध्ये पोलाद जितकं तापलेलं असतं, त्याहून सोल्डर तुमच्या खोलीत जास्त तापलेलं आहे.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून 1 मिलिमीटर जाडीची सोल्डर वायर आणा. साठ-चाळीसच मागा. हिच्यात शिसं असतं, म्हणून स्वयंपाकघरात नको, लहान मुलांच्या हाताशी नको, आणि काम झालं की हात साबणाने धुवायचे. गाठ मारू नका, तार गाठीपाशीच तुटते आणि सगळी मेहनत वाया जाते. वरच्या आडव्या पाइपला पाच-सहा वेढे देऊन टोक चिकटपट्टीने दाबा. खाली जाड पेन्सिलीला तसेच वेढे द्या आणि पेन्सिलीला एक लिटरची बाटली सुतळीने बांधा. बाटली जमिनीपासून वीतभर वर हवी.

खुणा करण्याआधी बाटलीत पाव लिटरच पाणी ठेवा. रिळावरून आलेल्या तारेचे बाक निघू द्या, नाहीतर बाक सरळ होणं हेच तुम्ही लांबणं समजून मोजाल. मग मार्करने 500 मिलिमीटर अंतरावर दोन बारीक खुणा करा आणि बाटली पूर्ण भरा. दर चौरस मिलिमीटरला साधारण सव्वा किलो भार पडतो. वायरच्या पोटात फ्लक्स, म्हणजे डाग नीट बसावा म्हणून भरलेली राळ असते, धातू नाही, त्यामुळे खरा भार थोडा जास्तच. शेजारी तेवढ्याच जाडीची लोखंडी बायंडिंग वायर तशीच टांगा. ती हलणार नाही, आणि तीच तुमची साक्षीदार.

पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी पट्टीने अंतर मोजा, मग अर्ध्या अर्ध्या तासाने. तासाभरात काहीच सरकलं नाही तर पाणी वाढवायला मोठी बाटली लावा. फार भराभर पळाली तर पाणी कमी करून नव्या तारेने पुन्हा सुरू करा. आडवी रेघ वेळेची, उभी लांबण्याची, असा आलेख काढा. सुरुवातीला चढ जरा तीव्र असतो, मग तो बराच वेळ एकसारखा राहतो, आणि शेवटी तार एका जागी बारीक होऊन रेषा उभी उठते. ती शेवटची उठण मला अजूनही बघवत नाही. आत बॉयलरमध्ये तीच असते, फक्त दिसत नाही.

आता दुसरी नवी तार, तेवढंच वजन, पण जवळ 60 वॉटचा पिवळा बल्ब लावून. थर्मामीटर तारेशेजारी ठेवा. काही अंशांच्या फरकाने चढ किती बदलतो ते बघा, कारण सगळं शिकणं इथेच आहे. 1952 सालचं लार्सन-मिलर सूत्र हेच आकड्यात सांगतं: केल्विनमधलं तापमान गुणिले (20 अधिक तुटेपर्यंतच्या तासांचा 10 पायाचा लॉगॅरिदम). 540 अंशांना 1,00,000 तास टिकणारी ट्यूब धरली, तर उत्तर 20,325 येतं. भार तोच असेल तर हे उत्तर बदलत नाही. मग 550 अंश घाला, आयुष्य 50,000 तासांच्या जवळ येतं. 560 घाला, उरतात फक्त 25,000. ट्यूबच्या आत ऑक्साइडचा थर जमला की वाफेचं तापमान तेवढंच दिसतं आणि धातू मात्र वीस अंश जास्त तापतो.

म्हणून पोरांना मी शटडाऊनमध्ये प्रत्येक ट्यूबचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने घ्यायला लावायचो, दर वेळी त्याच जागी, खडूने खूण करून, आणि मागच्या वर्षीची वही शेजारी उघडी ठेवून.