सीएनजी आला, स्टेपनी खाली गेली

सिलिंडरने डिकी व्यापली आणि स्टेपनी मागच्या सीटवर आली. सासूबाई तिला खेटून स्वारगेटपर्यंत गेल्या, तेव्हा घरात विषय निघालाच. नाना पेठेतून साखळीच्या विंचचा जुना कॅरियर आणला, म्हणजे स्टेपनी साखळीने वर ओढून गाडीच्या पोटाखाली टांगायची सोय. फिटरने जागा चुकवली: टायर आणि सायलेन्सरमध्ये जेमतेम दोन बोटं! रबर भाजलंच असतं. सगळं उतरवून डावीकडे सरकवलं, हादऱ्यांनी सैल न होणारे नायलॉक नट लावून बोल्ट आवळले. पहिल्याच स्पीडब्रेकरला ‘खर्र’. साखळी सैल होती. टायर हाताने हलेना इतकी ताणली, तेव्हा आवाज गेला. पावसाळ्यात तिथे चिखल थापला जातो, म्हणून अधूनमधून टायर खाली उतरवून विंचला ग्रीस लावतो. हवा थोडी जास्तच भरतो, रोज वाकून कोण बघणार? चोरांसाठी कुलूपही घातलंय. किल्ली बायकोकडे.