प्राथमिक आरोग्य केंद्रात मानसिक उपचार: पद्धत कशी निवडायची आणि ती चालते का हे कसं तपासायचं

अंग दुखतं, झोप लागत नाही, डोकं जड झालंय, जीव घाबरा होतो, टेन्शन आहे. ओपीडीत नैराश्य आणि चिंताविकार बहुतेक वेळा याच शब्दांत येतात. 'मी उदास आहे' असं म्हणत क्वचितच कुणी येतं. त्यामुळे वेदनाशामक आणि बी-कॉम्प्लेक्स, कधी झोपेसाठी अल्प्राझोलम एवढ्यावर केस पेपर संपतो आणि पंधरा दिवसांनी माणूस त्याच तक्रारी घेऊन परत येतो.

हे बदलायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो तो उपचार पोचवायचे कसे. हा लेख वैद्यकीय अधिकारी, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), तालुका पातळीवरचे अधिकारी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्थांसाठी आहे. पद्धती पुष्कळ आहेत, पण त्यांची तुलना करताना आमच्या मते सर्वात आधी एकच विचारावं: ठरलेल्या दिवशी रुग्ण आला नाही, तर त्याला फोन कोण करणार? ज्या पद्धतीत या कामाला नेमका माणूस नाही, ती कागदावर कितीही चांगली दिसली तरी तिसऱ्या महिन्यात बसते.

समोर असलेले पर्याय

पहिला, वैद्यकीय अधिकाऱ्याला प्रशिक्षण देऊन त्यानेच निदान आणि औषध करणं. १९९६ साली सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यातल्या प्रयोगावर उभा राहिला, आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचं प्रशिक्षण हा त्याचा महत्त्वाचा भाग आहे. अडचण वेळेची आहे. चार तासांत ८० रुग्ण म्हणजे प्रत्येकी ३ मिनिटं. तेवढ्यात औषध लिहून होतं, बोलणं होत नाही. शिवाय बदली झाली की शिकलेलं डॉक्टरांबरोबर जातं.

दुसरा, महिन्यातून एकदा मनोविकारतज्ज्ञांची भेट. छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया), द्विध्रुवी विकार (बायपोलर), अपस्मार (फिट येणं) अशा रुग्णांसाठी ही भेट मोलाची आहे: निदान पक्कं होतं, मात्रा ठरते, औषध गावाजवळ मिळतं. नैराश्याला मात्र ती अपुरी पडते, कारण पहिले ४ ते ६ आठवडेच निर्णायक असतात आणि त्यात भेट जेमतेम एक होते.

तिसरा, जिल्हा रुग्णालयात पाठवणं. आत्महत्येचा तातडीचा धोका किंवा भ्रम-भास असतील तर हेच करायचं. सौम्य-मध्यम आजारासाठी सिव्हिलची चिठ्ठी म्हणजे एका दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि 'तिकडे वेड्यांचे डॉक्टर असतात' ही भीती. चिठ्ठी दिली म्हणजे उपचार झाला असं धरू नका; किती जण तिथे पोचले हे मोजा.

चौथा, फोन किंवा व्हिडिओ. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही मिळते. रात्रीच्या संकटासाठी आणि तज्ज्ञांचा सल्ला मिळवण्यासाठी ती उपयोगी आहे. पण घरात एकच मोबाईल आणि तोही नवऱ्याकडे असेल, तर बाईला फोनवर मोकळं बोलता येत नाही. अशा रुग्णाला केंद्रातलाच फोन आणि बंद दाराची खोली द्या.

पाचवा, समन्वित टप्प्याटप्प्याचे उपचार. गावपातळीवर प्रशिक्षित समुपदेशक, औषधासाठी वैद्यकीय अधिकारी, आणि दोघांना नियमित मार्गदर्शन करणारा तज्ज्ञ. अमेरिकेत ६० वर्षांवरच्या १,८०१ रुग्णांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरानंतर लक्षणं निम्म्यावर आलेल्यांचं प्रमाण या पद्धतीत ४५ टक्के होतं, नेहमीच्या उपचारात १९ टक्के.

आपल्या शेजारचा पुरावा गोव्याचा आहे. 'मानस' या अभ्यासात १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने होते. समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, दोन महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर कामाला लागलेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निकालात, निदान पक्कं झालेल्यांपैकी सहा महिन्यांनी बरे झालेले सरकारी केंद्रांत ६५.९ टक्के, तर तुलनेच्या केंद्रांत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत फरक दिसला नाही. वर्षानुवर्षं घराला ओळखणारा डॉक्टर आधीच ऐकून घेत असावा, हे त्याचं एक पटण्याजोगं कारण. म्हणून ही पद्धत आणताना आधी पाहा, तुमच्याकडे रुग्णाला आज काय मिळतंय. जिथे काहीच मिळत नाही तिथे फायदा मोठा.

पुढे गोव्यातल्याच १० केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्यासाठी छोटा समुपदेशन कार्यक्रम तपासला गेला: ६ ते ८ बैठका, प्रत्येकी ३० ते ४० मिनिटं, घरी किंवा केंद्रात. रुग्णाने दिवसभरात काय केलं आणि तेव्हा मन कसं होतं याची नोंद ठेवायची, बंद पडलेल्या कामांतलं एक छोटं काम निवडायचं, पुढच्या बैठकीत ते का जमलं किंवा का अडलं ते पाहायचं. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेले ६४ टक्के, तुलनेच्या गटात ३९ टक्के.

गाळणी कशी लावायची

नैराश्य किती आहे हे मोजणारी पीएचक्यू-९ प्रश्नावली वापरा. नऊ प्रश्न, एकूण गुण ० ते २७. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम-तीव्र, २० ते २७ तीव्र. प्रश्नावली हातात देऊ नका, वाचून दाखवा. सर्वात जास्त चूक इथे होते की कर्मचारी 'झोप लागते का?' विचारतो, रुग्ण 'नाही' म्हणतो आणि तो थेट ३ गुण लिहितो. विचारायचं आहे ते 'गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस': अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळपास रोज ३. सोबत आलेल्या सासूला, नवऱ्याला बाहेर बसवा. त्यांच्यासमोर मिळालेले गुण धरू नका.

सरसकट सगळ्यांची तपासणी करण्याचा मोह टाळा. हिशेब असा: एक समुपदेशक दिवसाला ५ बैठका, आठवड्यात ४ दिवस, म्हणजे २० बैठका घेऊ शकतो, पाचवा दिवस फोन, घरभेटी आणि नोंदींसाठी. दर रुग्णाला आठवड्याला एक बैठक धरली तर एका वेळी २० रुग्ण. एका रुग्णाला साधारण आठ आठवडे लागतात, तेव्हा सुट्ट्या वजा जाता वर्षाला शंभरच्या आसपास. रोज ८० जणांना प्रश्नावली लावली आणि ८ जण जरी १० च्या वर निघाले, तर तिसऱ्याच दिवशी समुपदेशकाचा आठवडा भरतो. मग रांग लागते आणि आशाताईंचा विश्वास उडतो. सुरुवात निवडक लोकांपासून करा: त्याच तक्रारींसाठी महिन्यात तिसऱ्यांदा आलेले, मधुमेह-रक्तदाबाची औषधं अधूनमधून सोडणारे, बाळंतपणानंतरच्या माता, घरात नुकताच मृत्यू किंवा आत्महत्या झालेले.

औषध लिहिण्याआधी हिमोग्लोबिन आणि शक्य असेल तिथे थायरॉइड पाहा. थकव्याचं कारण तिथेही असतं. पूर्वी कधी झोपेशिवाय अतिउत्साहात, पैसे उधळत काही दिवस गेले होते का, हे रुग्णाला आणि नातेवाइकांना विचारा. उत्तर 'हो' असेल तर नुसतं नैराश्यविरोधी औषध सुरू न करता तज्ज्ञांशी बोला. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यविरोधी औषध साधारणपणे २० मिलिग्रॅम सकाळी देतात. फायदा २ ते ४ आठवड्यांनी दिसतो, मळमळ आणि अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात. हे आधी सांगितलं नाही तर गोळी पाचव्या दिवशी बंद होते. म्हणून सातव्या ते दहाव्या दिवसाचा फोन चुकवू नका. बरं वाटल्यावरही ६ ते १२ महिने औषध चालू ठेवायचं असतं, तेव्हा साठ्याचा हिशेब आधी करा: २५ रुग्ण म्हणजे महिन्याला ७५० गोळ्या, हाताशी तीन महिन्यांचा साठा.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्यावर शून्याहून जास्त गुण असतील तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी डॉक्टरांनी बोलायचं. विचार फक्त येतो की काही ठरवलंय, साधन घरात आहे का, आधी प्रयत्न झालाय का, हे सरळ विचारा. विचारल्याने धोका वाढत नाही. ठरवलेलं असेल तर एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, तिथूनच तज्ज्ञांना फोन लावा, गरज पडली तर १०८ बोलवा. फवारणीचं औषध घराबाहेर कुलपात ठेवायला घरच्यांना सांगा. अशा रुग्णाला अमिट्रिप्टिलीन या जुन्या नैराश्यविरोधी औषधाच्या महिन्याभराच्या गोळ्या एकदम देऊ नका. जास्त घेतल्यास ती जीवघेणी ठरते. आणि पोलिसांची भीती घालू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं.

तुलना करताना फसगत कुठे होते

वर गोव्याचे आकडे पुन्हा पाहा. तुलनेच्या गटातलेही ३९ ते ४२ टक्के लोक सुधारलेच. माणूस सर्वात वाईट दिवसांत दवाखान्यात येतो. काही जण वेळ गेल्यावर आपसूक सावरतात. म्हणून 'आमच्याकडचे ४० टक्के बरे झाले' याने पद्धत चांगली हे सिद्ध होत नाही. शक्य असेल तर शेजारची दोन सारखी केंद्रं घ्या, एकात आता सुरू करा, दुसऱ्यात सहा महिन्यांनी. पीएचक्यू-९ दोन्हीकडे लावा. मरणाचे विचार असलेल्याला मात्र दुसऱ्या केंद्रातही तत्काळ पूर्ण मदत मिळालीच पाहिजे, यात तडजोड नाही.

दुसरी फसगत भाजकाची. समजा ४० रुग्णांवर उपचार सुरू झाले, तीन महिन्यांनी १६ जणांचे गुण पुन्हा घेतले, त्यातले १२ सुधारले. अहवालात ७५ टक्के लिहिलं जातं. खरा आकडा ४० पैकी १२, म्हणजे ३० टक्के. जे आले नाहीत ते सुधारले नाहीत असंच धरून मोजा. कामाला तेवढं कडक मोजमाप हवं, कारण न आलेल्यांतच सर्वात आजारी माणसं असतात.

रजिस्टरला पाच रकाने पुरतात: पहिले गुण, सहा आठवड्यांचे, तीन महिन्यांचे, चुकलेल्या तारखेनंतर किती दिवसांत संपर्क झाला, आणि पुढचा टप्पा. सहा आठवड्यांनी गुण निम्म्यावर येणं सोडाच, ५ ने सुद्धा कमी झाले नसतील तर तोच उपचार रेटू नका: बैठका चालू असतील तर औषधाचा विचार, औषध चालू असेल तर मात्रा पाहा किंवा तज्ज्ञांचा सल्ला घ्या. रजिस्टर कुलपात ठेवा, आणि रुग्णाच्याच वस्तीतल्या, नात्यातल्या कार्यकर्त्याकडे तो रुग्ण देऊ नका.

समुपदेशक निवडताना पदवीपेक्षा ऐकण्याची सवय पाहा आणि त्याच तालुक्याची बोली हवी. प्रशिक्षणानंतर देखरेख लागतेच. गोव्यात तीन आठवड्यांच्या वर्गानंतर सहा महिने देखरेखीखाली काम करून घेतलं होतं. आठवड्याला एक तास समुपदेशकांनी एकत्र बसावं, रुग्णाच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेली एक बैठक ऐकावी आणि ठरलेल्या निकषांवर गुण द्यावेत. खर्च कापायची वेळ आली की पहिली कात्री याच तासाला लागते. मग बैठका हळूहळू उपदेशावर येतात, 'मन घट्ट करा, सगळं ठीक होईल', आणि रुग्ण यायचा थांबतो.

छिन्नमनस्कतेच्या रुग्णांसाठी हिशेब वेगळा धरा. गोवा, सातारा आणि तमिळनाडूत झालेल्या अभ्यासात (२०१४) दवाखान्यातल्या उपचाराला गावातल्या कार्यकर्त्याची जोड दिली, तेव्हा फायदा झाला पण माफक. तिथे तज्ज्ञांची मासिक भेट आणि औषधाचा अखंड पुरवठा हाच पाया, आणि कार्यकर्त्याचं काम गोळी चुकली का, झोप कमी झाली का, घरचे थकलेत का हे पाहून पुढच्या भेटीआधी कळवण्याचं. हे रुग्ण समुपदेशकाच्या एका वेळच्या २० रुग्णांच्या गणतीत धरू नका. त्यांच्यासाठी वेगळा वार आणि वेगळं पान ठेवा.