गॅलरीचा स्लॅब दुरुस्त करायचाय? गवंडी यायच्या आधी

गॅलरीच्या छताचा पोपडा पडला की आपण पहिला फोन गवंड्याला करतो. जरा थांबा. छोटी हातोडी घ्या, डोळ्यांना चष्मा लावा आणि पडलेल्या जागेभोवती हलकेच ठोकत जा. घट्ट काँक्रीट टणटण वाजतं, सुटलेलं पोकळ बोलतं. आवाज बदलतो तिथे खडूची रेघ ओढा. कोथरूडच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये बशीएवढा दिसणारा खड्डा खडू फिरवल्यावर सतरंजीएवढा निघाला! भाव ठरवायचा तो या रेघेवर.

वरून गळती असेल तर ती आधी बंद करा. पाण्याने स्लॅबमधली लोखंडी सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला बाहेर ढकलते. ओल राहिली तर नवा थरही तसाच सुटणार.

गवंड्याला नेमकं विचारा: सळईच्या मागे बोट जाईल इतकं फोडणार का? तारेच्या ब्रशने गंज पुरता काढून गंजरोधक लावणार का? भरायला पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल, आहे ना? ‘नुसतं सिमेंट-वाळू थापून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. सळई झिजून बारीक झाली असेल किंवा बीम-कॉलमला तडा असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. टेकू लावल्याशिवाय तिथे छिन्नीही लावू देऊ नका.

राडारोडा कोण उचलणार, तेही आधीच बोलून घ्या.

पावसाआधी उरकायचं म्हणून मे महिना धरलात, तर उन्हात मॉर्टर झपाट्याने वाळतो. पिशवीवर लिहिलंय तितके दिवस ओलं ठेवा आणि गुरुवारी पाणी बंद असेल तर बुधवारीच दोन बादल्या भरून ठेवा.